एक वही, तीन प्लॉट : पिंपरी-चिंचवड ते चाकण पट्ट्यातील सामायिक सर्व्हरचा इतिहास

पिंपरी, चिंचवड, भोसरी आणि चाकण या पट्ट्यातल्या लहान-मध्यम कारखान्यांत हिशेबाची वही एका जागी असते आणि ती लिहिणारी माणसे तीन-चार जागी बसलेली असतात. भोसरीच्या जुन्या गाळ्यात मालकाची केबिन आणि अकाउंट्स असते. चाकणच्या नव्या युनिटमध्ये स्टोअर, उत्पादन आणि डिस्पॅच, आणि आठवड्यातून दोनदा येणारा पार्टटाइम अकाउंटंट चिंचवडच्या आपल्या घरी. प्रत्येकाचा संगणक वेगळा असला तरी टॅली किंवा ईआरपी ही हिशेबाची प्रणाली चालते ती एकाच सर्व्हरवर. बाकीचे तिचे चित्र आपल्या पडद्यावर पाहतात आणि आपल्या कळफलकाने तिकडे काम करतात. या सोयीचे कागदोपत्री नाव रिमोट डेस्कटॉप. कारखान्याच्या बोलीत मात्र ‘आरडीपीवर आहे’, ‘सेशन अडकलंय’, ‘आधी लॉगऑफ कर’ एवढेच ऐकू येते. ही पद्धत इथे इतकी का रुजली याचे उत्तर संगणकशास्त्रात थोडे आणि या पट्ट्याच्या औद्योगिक भूगोलात, विजेच्या वेळापत्रकात व टेलिफोनच्या तारेत जास्त सापडते.

पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि मुंबई-पुणे रस्त्यालगतच्या शेतजमिनीचे रूप पालटू लागले. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे एमआयडीसी, अस्तित्वात आले. साठच्या दशकात आकुर्डीला बजाजची स्कूटर आणि टेम्पो बनू लागले, टाटांच्या टेल्कोने पुण्यात पाय रोवला. १९७० मध्ये पिंपरी-चिंचवडला नगरपालिका झाली आणि १९८२ मध्ये महापालिका. मोठ्या कारखान्यांनी सगळे सुटे भाग स्वतः बनवायचे नाहीत, असे धोरण धरल्यामुळे भोसरी आणि चिंचवडच्या गाळ्यांत टर्निंग, प्रेसिंग, प्लेटिंग, हीट ट्रीटमेंट करणाऱ्या हजारो वेंडरांची वस्ती झाली. एकच भाग चार वेगवेगळ्या गाळ्यांतून फिरून शेवटी मोठ्या कंपनीच्या गेटवर पोहोचायचा.

माल असा फिरला की कागदही त्याच्यासोबत फिरतो. १९९४ पर्यंत उत्पादनशुल्काचा माल जीपी-१ या गेटपासवर बाहेर पडत असे. त्या वर्षीपासून गेटपासची जागा इन्व्हॉइसने घेतली. १९८६ मध्ये मॉडव्हॅट आल्यावर कच्च्या मालावर भरलेल्या शुल्काची वजावट मिळू लागली आणि तिच्यासाठी आरजी-२३ए ही नोंदवही दोन भागांत ठेवावी लागू लागली : एका भागात मालाची नोंद, दुसऱ्यात शुल्काची. जॉबवर्कला पाठवलेल्या मालासाठी ५७ एफ ४ चे चलन लागे. तो नियम रद्द होऊन जमाना लोटला, तरी जॉबवर्कच्या चलनाला आजही भोसरीत कित्येक जण त्याच आकड्याने हाक मारतात. दहा-बारा कामगारांच्या गाळ्यालाही एक एक्साइज क्लार्क, एक स्टोअरकीपर आणि एक अकाउंटंट लागायचा, आणि तिघे तीन वह्यांत तीच माहिती पुन्हा पुन्हा लिहायचे. या पट्ट्यात संगणक लेखन किंवा रेखाटनासाठी यायच्या आधी वह्यांसाठी आला, तो यामुळे.

एक संगणक अनेकांनी वापरायची कल्पना त्याहून जुनी आहे. संगणक इतका महाग होता की एका माणसाने तो अडवून बसणे परवडण्यासारखे नव्हते. अमेरिकेत एमआयटीमध्ये फर्नांडो कोर्बातो यांच्या गटाने नोव्हेंबर १९६१ मध्ये अशी प्रणाली चालवून दाखवली, जिच्यात यंत्र प्रत्येक वापरकर्त्याला क्षणाचा छोटा तुकडा देई आणि प्रत्येकाला ते आपलेच वाटे. भारतात त्या सुमारास वाटणी वेगळ्या रीतीची होती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये सीडीसी ३६०० हा मोठा संगणक बसला आणि बाहेरच्या संस्थांतले संशोधकही आपली पंचकार्डे घेऊन तिथे येत. कार्डे द्यायची, पाळी येईपर्यंत थांबायचे, छापील उत्तर घेऊन परत जायचे. यंत्र सर्वांचे होते, पण यंत्राशी बोलणे नव्हते. सामान्य माणसाला सामायिक संगणकाचे पहिले दर्शन झाले ते रेल्वेच्या आरक्षण खिडकीवर. सीएमसी या सरकारी कंपनीने १९८६ मध्ये दिल्लीत आणि पुढे मुंबईसह इतर शहरांत ही प्रणाली सुरू केली. कोणत्याही खिडकीवरून कोणत्याही गाडीचे तिकीट मिळू लागले, कारण सर्व खिडक्यांमागची आसनांची यादी एकच होती.

पुण्याला संगणकाचे वारे लवकर लागले. ब्रिटिश आयसीएलची भारतीय शाखा, म्हणजे आयसीआयएम, इथे संगणक बनवत होती. टाटांचे संगणक संशोधन केंद्र टीआरडीडीसी १९८१ मध्ये उभे राहिले, सी-डॅक १९८८ मध्ये. पण भोसरीच्या गाळ्याला या संस्थांचा थेट उपयोग नव्हता. त्याच्या दारात संगणक आला तो १९८४ च्या नव्या संगणक धोरणाने आयात आणि उत्पादन सैल केल्यानंतर. एचसीएल, विप्रो यांसारख्या देशी कंपन्या ३८६ चिपची यंत्रे विकू लागल्या. त्यांवर झेनिक्स किंवा युनिक्स चालायचे आणि एका यंत्राला आठ-दहा टर्मिनले जोडता यायची.

मध्यम आकाराच्या कारखान्यातली ऐंशीच्या दशकाच्या अखेरची संगणक खोली आजही जुन्या लोकांना स्पष्ट आठवते : काचेची केबिन, एकमेव एसी, दाराबाहेर काढून ठेवलेल्या चपला. आतल्या यंत्रावर फॉक्सबेस किंवा कोबॉलमध्ये लिहिलेला कार्यक्रम असायचा. बाहेर स्टोअर, पीपीसी (उत्पादन नियोजन), डिस्पॅच आणि अकाउंट्सच्या टेबलांवर हिरव्या किंवा पिवळट अक्षरांचे टर्मिनल. टर्मिनलला स्वतःची स्मृती किंवा डिस्क जवळपास नव्हती. कळ दाबली की अक्षर तारेने आत जायचे आणि उत्तर तारेने बाहेर यायचे. आजच्या रिमोट डेस्कटॉपचा सगळा गाभा इथेच आहे : काम आत, पडदा बाहेर. उणीव होती ती पल्ल्याची. टर्मिनलला जोडणारी आरएस-२३२ ही तार मानकाप्रमाणे सुमारे १५ मीटरसाठी होती. वेग कमी ठेवून किंवा मधे लाइन ड्रायव्हर बसवून ती शेडच्या पलीकडे नेता यायची, पण प्लॉटच्या कुंपणाबाहेर नेणे लहान कारखान्याच्या आवाक्यात नव्हते. तरीही त्या यंत्राने एक मोठी गोष्ट केली. स्टोअरने माल आत घेतला की त्याच क्षणी अकाउंट्सला तो दिसू लागला. तीन वह्यांची एक वही झाली.

नव्वदच्या दशकात ही वही पुन्हा फाटली. विंडोज ९५ आले, पीसी स्वस्त झाले, प्रत्येक टेबलावर स्वतंत्र यंत्र आले. टर्मिनल जुनाट वाटू लागले. बंगळूरच्या गोएंका पिता-पुत्रांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या कंपनीचे टॅली महाराष्ट्राच्या उद्योगनगरांत घरोघरी पोहोचले, कारण हिशेबनिसाला संगणक न शिकता ते वापरता येत होते. माहितीची फाइल एका यंत्रावर ठेवून बाकीच्या यंत्रांनी ती नेटवर्कवरून उघडायची, ही तेव्हाची रीत. एका छताखाली ती ठीक चालली. दुसऱ्या प्लॉटवर मात्र तिचा उपयोग शून्य. तिथला कारकून वेगळी फाइल ठेवायचा आणि महिनाअखेरीस फ्लॉपी खिशात घालून मुख्य ऑफिसला यायचा. दोन फाइलींचा मेळ घालण्यात रात्र जायची. फ्लॉपी खराब निघाली तर दोन रात्री. पडदे रंगीत झाले, माऊस आला, पण सामायिकपणाच्या बाबतीत पीसीचा काळ झेनिक्सच्या मागे गेला होता. संगणकाच्या इतिहासात हा टप्पा प्रगतीचा म्हणून सांगितला जातो; भोसरीच्या गाळ्यापुरते तरी तसे म्हणता येत नाही.

त्याच वर्षांत कारखाने पसरू लागले. पुणे-नाशिक रस्त्यावरचे चाकण तोवर किल्ल्यासाठी आणि कांद्याच्या बाजारासाठी ठाऊक होते. १९९९ मध्ये बजाज ऑटोचा नवा कारखाना तिथे सुरू झाला. २००७ मध्ये आकुर्डीचे वाहन उत्पादन थांबले आणि गुरुत्वमध्य उत्तरेकडे सरकला. मर्सिडीज-बेंझ १९९५ पासून पिंपरीत टेल्कोच्या आवारात गाड्या जोडत होती. २००९ मध्ये तीही चाकणला गेली. त्याच वर्षी मार्चअखेरीस फोक्सवॅगनच्या कारखान्याचे उद्घाटन झाले आणि २०१० मध्ये महिंद्राचा कारखाना आला. मोठ्या कंपनीला सुटा भाग ठरल्या तासाला हवा असतो, साठा करून ठेवायचा नसतो. त्यामुळे वेंडरला चाकणला जागा घ्यावीच लागली. जुना गाळा, जुने कामगार, बँकेचे खाते आणि मालकाचे घर मात्र भोसरी-चिंचवडलाच राहिले. मधले अंतर नकाशावर पंधरा-वीस किलोमीटरचे. नाशिक फाटा, मोशी आणि चाकण चौकातून ते किती वेळात कापले जाईल याचा भरवसा कुणी देत नाही. एका कंपनीची दोन-तीन युनिटे आणि एकच ताळेबंद, ही या पट्ट्याची नेहमीची स्थिती बनली. तिला फ्लॉपी पुरणार नव्हती.

उपाय परदेशात तयार होत होता. एड याकोबुची यांनी १९८९ मध्ये सिट्रिक्स ही कंपनी काढली आणि विंडोज एनटीमध्ये बदल करून ती एकाच वेळी अनेकांना वापरता येईल अशी केली. १९९५ मध्ये ती विनफ्रेम नावाने बाजारात आली. मायक्रोसॉफ्टने हे तंत्र परवान्याने घेतले आणि १९९८ मध्ये एनटी ४.० ची टर्मिनल सर्व्हर आवृत्ती काढली. पडद्याचे चित्र पाठवण्याची जी बोली तिच्यासोबत आली, तीच आरडीपी. विंडोज २००० सर्व्हरमध्ये ही सोय अंगभूत झाली आणि २००१ च्या एक्सपी प्रोफेशनलमध्ये साध्या पीसीवरही आली, पण एका वेळी एकाच माणसासाठी. याच काळात केंब्रिजच्या ऑलिव्हेट्टी प्रयोगशाळेतून व्हीएनसी हे मोफत साधन बाहेर पडले. पण व्हीएनसी समोरच्या यंत्राचा एकच पडदा दाखवते, पाहणारे कितीही असोत. टर्मिनल सर्व्हर प्रत्येकाला स्वतंत्र पडदा देतो. दहा जणांना एकाच वेळी दहा वेगळी बिले करायची असतील तर दुसराच लागतो.

टर्मिनल सर्व्हरची चाल समजून घेतली की चाकणच्या वेंडरला तो का मानवला हे कळते. टॅलीची फाइल नेटवर्कवरून उघडली तर नोंद शोधण्यासाठी फाइलचे मोठे तुकडे तारेतून ये-जा करतात. शेडमधल्या जलद तारेवर ते खपते. टेलिफोनच्या तारेवर कार्यक्रम गोठतो, आणि मधेच तार तुटली तर फाइल बिघडते. रिमोट सेशनमध्ये फाइल सर्व्हर सोडतच नाही. कार्यक्रम सर्व्हरच्या स्मृतीत चालतो, पडद्याचा जेवढा भाग बदलला तेवढाच दाबून इकडे येतो आणि कळा व माऊसच्या हालचाली तिकडे जातात. मजकुराचा पडदा फारसा बदलत नसल्याने बारीकशी तारही पुरते. शिवाय चाकणच्या टेबलावरचे यंत्र जुने, कमी ताकदीचे असले तरी काही बिघडत नाही. ते पुन्हा टर्मिनलच झालेले असते. पुढे एनकंप्युटिंगसारख्या कंपन्यांची छोटी डबडी आली, ज्यांना पडदा, कळफलक आणि तार एवढेच जोडायचे असते. झेनिक्सच्या काळातील रचना रंगीत होऊन परतली, आणि या वेळी कुंपण आड आले नाही.

भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी व्हीएसएनएलने सार्वजनिक इंटरनेट सुरू केले. त्याआधी पुण्याच्या सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्कने निर्यातदार कंपन्यांना उपग्रहामार्फत जोडणी द्यायला सुरुवात केली होती. लहान कारखान्याला या दोन्हींचा फायदा नव्हता. डायलअप महागडे आणि तुटके, लीज्ड लाइन त्याहून महाग. फरक पडला २००५ मध्ये. जानेवारीत बीएसएनएलचे ब्रॉडबँड सुरू झाले, किमान २५६ केबीपीएस वेगाचे आणि सतत चालू. त्याच वर्षी १ एप्रिलपासून महाराष्ट्रात व्हॅट लागू झाला आणि खरेदी-विक्रीची प्रत्येक नोंद वेळेवर व बिनचूक ठेवण्याची निकड वाढली. गरज आणि तार एकाच वर्षी आली. भोसरी आणि चिंचवडमध्ये संगणकांची एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचे कंत्राट, घेणाऱ्या छोट्या व्यावसायिकांनी मुख्य ऑफिसात एक सर्व्हर, राउटरमध्ये ३३८९ हे पोर्ट उघडून दिलेली वाट आणि चाकणला दोन यंत्रे, असा साचा बसवून दिला. पट्ट्यात पुढची दहा वर्षे तोच चालला. या कामाचे श्रेय अशा व्यावसायिकांना द्यायला हवे. उद्योगांच्या इतिहासात त्यांची नोंद होत नाही, पण कुठल्याही मोठ्या सल्लागार कंपनीआधी तेच गाळ्यापर्यंत पोहोचले होते.

तिसरा धागा विजेचा. २००५ नंतरची काही वर्षे महाराष्ट्रात भारनियमनाची होती. पुण्यात आणि पिंपरी-चिंचवडमध्ये २००६ साली त्यावर तोड निघाली : उद्योगांनी आपले जनरेटर चालवायचे आणि त्यामुळे वाचलेली वीज महावितरणने शहराला द्यायची. ‘पुणे मॉडेल’ म्हणून ते देशभर गाजले. शहराबाहेरच्या चाकणला त्याची सावली मिळाली नाही. तिथे दिवे गेले की स्वतंत्र पीसीवर अर्धवट लिहिलेले बिल पुसले जायचे. सेशनवर काम करणाऱ्याचे तसे होत नसे. तार तुटली किंवा समोरचे यंत्र बंद पडले तरी सेशन सर्व्हरवर जिवंत राहते; वीज आल्यावर पुन्हा जोडले की कर्सर सोडला होता तिथेच लुकलुकत असतो. सर्व्हरला एक चांगला यूपीएस आणि भोसरीला जनरेटर एवढ्यावर चाकणचे कामही सुरक्षित राहायचे. अनेक मालकांना या पद्धतीची खरी किंमत पटली ती या गुणामुळे. वेग आणि काटकसर त्यांच्या नजरेत नंतर आली.

याच गुणाची उलट बाजू म्हणजे अडकलेली सेशने. खिडकीवरच्या फुलीवर टिचकी मारली की माणूस बाहेर पडतो, सेशन मात्र आत उघडेच राहते. त्यातली टॅली, तिने अडवलेली स्मृती आणि परवान्याची जागा तशीच अडून राहते. खरा निरोप लॉगऑफ केल्यावरच घेतला जातो. संध्याकाळी पाच जण फुली दाबून घरी गेले की रात्रीच्या पाळीच्या सुपरवायझरला आत शिरता येत नाही. सुपरवायझर फोन करतो, आणि कुणीतरी टास्क मॅनेजर उघडून कोणाचे सेशन मारायचे ते ठरवतो. कधी त्यात कोणाचे न जतन केलेले काम जाते. शिस्त साधी आहे : ठरावीक वेळ निष्क्रिय राहिलेले सेशन आपोआप बंद होईल अशी मर्यादा सर्व्हरवर लावायची, प्रत्येकाला स्वतंत्र नाव आणि परवलीचा शब्द द्यायचा, आणि सर्व्हर पुन्हा चालू करण्याचे किंवा अद्ययावत करण्याचे काम सुट्टीच्या दिवशी ठेवायचे. या पट्ट्यात औद्योगिक सुट्टी गुरुवारी असते, त्यामुळे सर्व्हरच्या डागडुजीचा वारही तोच ठरला.

छपाईने लोकांना सर्वांत जास्त छळले. उत्पादनशुल्काचे इन्व्हॉइस तीन प्रतींत लागे : मूळ ग्राहकाला, दुसरी वाहतूकदाराला, तिसरी स्वतःच्या दप्तरी. जीएसटीतही मालासाठी तीन प्रतींची पद्धत राहिली. कार्बन घातलेल्या कागदावर या प्रती एका फटक्यात काढायच्या तर डॉट मॅट्रिक्स प्रिंटरच हवा. कार्यक्रम भोसरीच्या सर्व्हरवर, प्रिंटर चाकणच्या गेटवर, आणि गाडीचा चालक इंजिन चालू ठेवून उभा. सर्व्हरवर त्या प्रिंटरचा नेमका ड्रायव्हर नसेल तर छपाई होत नसे, किंवा मजकूर चौकटीबाहेर सरके. विंडोज सर्व्हर २००८ मध्ये ड्रायव्हरशिवाय छापण्याची सोय आली, आणि वापरकर्त्याला पूर्ण डेस्कटॉप न दाखवता फक्त एका कार्यक्रमाची खिडकी देण्याचीही. डॉट मॅट्रिक्सचे ठरावीक मापाचे कागद तरीही हाताने जुळवावे लागत. दुसरी अडचण कुलपांची. काही सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्त्यांना, त्यात टॅली आणि पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपीही आली, यंत्राच्या मागे लावायचे हार्डवेअर लॉक असे. ते एका यंत्राला धरून बनवलेले; दुसऱ्या गावी बसलेल्या माणसाला ते सेशनमधून सापडत नसे.

परवान्यांचा प्रश्न मात्र तांत्रिक नव्हता, तो पैशाचा होता. विंडोज सर्व्हर घेतला की व्यवस्थापनासाठी दोन सेशने त्यातच मिळतात. तिसऱ्या माणसापासून प्रत्येक वापरकर्त्यासाठी किंवा यंत्रासाठी वेगळा परवाना लागतो. परवाने न घालताही ही सेवा १२० दिवस चालते आणि मुदत संपली की दार बंद होते. अनेक गाळ्यांत पैसे वाचवण्यासाठी साध्या एक्सपी किंवा विंडोज ७ ची एक फाइल बदलून त्यांवर अनेक सेशने उघडली गेली. थिनस्टफ, टीएसप्लस यांसारखी स्वस्त साधनेही आली. बदललेली फाइल परवान्याच्या अटींचा भंग तर होतीच, पण तिचा खरा धोका असा की अद्ययावत केले की ती पुसली जाई, म्हणून लोकांनी अद्ययावत करणेच सोडून दिले. उघडे पोर्ट आणि वर्षानुवर्षे न सुधारलेली प्रणाली, ही जोडी अशा काटकसरीतून जन्माला आली. पुढे तिची मोठी किंमत मोजावी लागली.

हिशेबाच्या शेजारी रेखाटनाचाही इतिहास आहे, आणि त्याची वाट वेगळी. टेल्कोचे अभियांत्रिकी संशोधन केंद्र साठच्या दशकापासून पुण्यात आहे. डिसेंबर १९९८ मध्ये आलेली टेल्कोची इंडिका ही भारतीय कंपनीने स्वतःच्या जोरावर उभी केलेली मोटार. तिच्या बाह्यरूपावर इटलीतल्या ‘आयडिया’ संस्थेने काम केले. त्या काळी त्रिमितीय रेखाटन महागड्या वर्कस्टेशनवर होत असे. सामायिक होते ते सॉफ्टवेअरचे परवाने : एका सर्व्हरवर मोजके परवाने ठेवायचे आणि ज्याला हवा त्याने घ्यावा, काम झाले की सोडावा. खुद्द रेखाटन मात्र आरडीपीवर नीट चालत नसे, कारण फिरत्या त्रिमितीय आकृतीत पडद्याचा प्रत्येक ठिपका प्रत्येक क्षणी बदलतो. ग्राफिक्सचे कार्डच अनेक सेशनांत वाटून देणारे तंत्र २०१३ च्या आसपास बाजारात आल्यावर ही अडचण सुटू लागली. गणनेच्या बाबतीत पुण्याने त्याआधीच उंची गाठली होती. टाटांच्या कॉम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीजचा ‘एका’ हा महासंगणक नोव्हेंबर २००७ च्या टॉप ५०० यादीत जगात चौथा आणि आशियात पहिला ठरला. असा महासंगणक कोणी समोर बसून चालवत नाही. काम दुरूनच सोपवायचे असते. लहान वेंडरसाठी चिंचवडचे ऑटो क्लस्टर उभे राहिले, जिथे एकट्याला न परवडणारी चाचणी आणि नमुने बनवण्याची यंत्रे सर्वांना भाड्याने वापरता येतात. खर्चिक साधन वाटून घ्यायची या भागातली सवय संगणकापुरती नाही, हे त्यावरून दिसते.

१ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि २०१८ मध्ये ई-वे बिल. आता माल गेटबाहेर पडण्याआधी सरकारी पोर्टलवर नोंद हवी. म्हणजे गेटवरचे सेशन बंद तर गाडी बंद. जॉबवर्कचा कच्चा माल मॉडव्हॅटच्या जागी आलेल्या सेनव्हॅटच्या काळात १८० दिवसांत परत यावा लागे, ती मुदत एक वर्षाची झाली. पण कोणत्या गाळ्यात किती माल पडून आहे याचा हिशेब एका वहीतून काढणे अधिकच गरजेचे बनले.

मार्च २०२० च्या टाळेबंदीने या पद्धतीची मोठी परीक्षा घेतली. महाराष्ट्रातले पहिले रुग्ण पुण्यात सापडले होते आणि पिंपरी-चिंचवडमध्येही संसर्ग लवकर पोहोचला. कारखाने थांबले, पगार, कर्जाचे हप्ते, विवरणपत्रे आणि देणी थांबली नाहीत. ज्यांच्याकडे आधीपासून सर्व्हर होता त्यांचे अकाउंटंट घरून काम करू लागले. ज्यांच्याकडे नव्हता त्यांनी टीमव्ह्यूअर किंवा एनीडेस्कने ऑफिसातला चालू ठेवलेला पीसी गाठला. तो पीसी चालू आहे ना, एवढे पाहायला परवानगीचा पास घेऊन कोणीतरी जाऊन यायचे. टाळेबंदी उठल्यावर बरेच पार्टटाइम अकाउंटंट रोजच्या फेऱ्यांकडे परतलेच नाहीत. एक माणूस आता पाच-सहा कारखान्यांची कामे घरून सांभाळतो, आणि हा बदल टिकला आहे.

त्या घाईत उघडलेली दारे चोरांनीही पाहिली. इंटरनेटवर थेट उघडे असलेले ३३८९ पोर्ट शोधून, सोपा परवलीचा शब्द ओळखून आत शिरायचे, रात्रीत सगळ्या फाइली कुलूपबंद करायच्या आणि सकाळी खंडणी मागायची, हा रॅन्समवेअरचा नेहमीचा डाव २०१६ पासून जगभर चालू होता. मे २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘ब्लूकीप’ या आरडीपीतल्या गंभीर दोषावर दुरुस्ती काढली. दोष इतका घातक होता की अधिकृत साथ संपलेल्या एक्सपीसाठीही ती द्यावी लागली. रॅन्समवेअरचे संकट मोठ्या यंत्रणांनाही सुटले नाही : फेब्रुवारी २०२१ मध्ये पिंपरी-चिंचवड स्मार्ट सिटी प्रकल्पाच्या निगडीतील २७ सर्व्हरवर असा हल्ला झाला. लहान कारखान्यात तर बॅकअपची डिस्कही सर्व्हरलाच जोडलेली असते, आणि तीही सोबत कुलूपबंद होते. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने असा प्रकार लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवणे आणि नोंदी १८० दिवस जपणे बंधनकारक केले. पोर्ट उघडे ठेवण्याऐवजी व्हीपीएनच्या आडून शिरणे, लॉगिनसाठी मोबाइलवरचा दुसरा पुरावा मागणे आणि बॅकअपची एक प्रत सर्व्हरपासून तोडून ठेवणे, एवढ्या तीन गोष्टींनी बहुतेक हल्ले बोथट होतात. तिन्ही स्वस्त आहेत. त्या न करण्याचे समर्थन आता कोणत्याही मालकाला करता येणार नाही.

सर्व्हर प्लॉटवर ठेवायचाच कशाला, हा प्रश्न त्यानंतर उघडपणे विचारला जाऊ लागला. मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०१५ मध्ये भारतात अॅझ्युअर या आपल्या क्लाउड सेवेची, म्हणजे भाड्याच्या सर्व्हरची, तीन केंद्रे सुरू केली, त्यांतले ‘सेंट्रल इंडिया’ पुण्यात आहे. २०१९ पासून तिथे डेस्कटॉपची सेशनेच भाड्याने मिळू लागली. टॅलीसाठी महिन्याकाठी पैसे घेऊन सर्व्हर सांभाळणारे छोटे पुरवठादार तर त्याआधीपासून आहेत. ऑगस्ट २०२२ मध्ये कंपन्यांच्या लेखानियमांत बदल होऊन हिशेबाचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज ठेवणे आवश्यक झाले, आणि १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक दुरुस्तीचा माग ठेवणारेच लेखा सॉफ्टवेअर वापरण्याचे बंधन आले. खाजगी मर्यादित कंपनी असलेल्या छोट्या वेंडरलाही हे नियम लागू आहेत.

सगळे गाळे क्लाउडवर गेले असे नाही. ज्यांचे बिल गेटवर डॉट मॅट्रिक्सने निघते, ज्यांची जोडणी दुपारी रस्ता खोदला की तुटते, त्यांनी प्लॉटवरचा सर्व्हर ठेवला आहे आणि बॅकअपपुरते बाहेरचे भाडे भरले आहे. काही काळ तरी तेच शहाणपणाचे आहे. पण क्लाउडही आता याच भागात जागा घेतो आहे : २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टने पिंपरी-चिंचवडमध्ये सुमारे २५ एकर जमीन विकत घेतली आणि २०२४ मध्ये शेजारच्या हिंजवडीत आणखी १६ एकरांहून अधिक.